दुसरा साक्षीदार

आमच्या गल्लीत महिना कागदावर सुरू होत नाही, गच्चीवर सुरू होतो. शेजारच्या गल्लीतले रब्बीवाले यहुदी आकडेमोड करतात. पुढच्या शंभर वर्षांचे सण त्यांनी आजच मांडून ठेवलेत. त्यात वर्षाचा मोठा उपास शुक्रवारी येऊच द्यायचा नाही असा त्यांचा नियम, कारण लागलीच शनिवारचा शब्बाथ, सक्तीच्या विसाव्याचा, दोन दिवस चूल बंद, बायकांचे हाल. म्हणजे चंद्राने बिचाऱ्याने यांच्या सोयीने उगवायचं! आम्हीही यहुदीच, पण कराई. मूसाच्या पुस्तकात लिहिलंय तेवढंच मानणारे. रब्बींनी मागाहून जोडलेली शेपटं आम्हाला नकोत. चंद्र दिसला तर महिना, आणि तोही दोघांना दिसला पाहिजे, कारण एका साक्षीदाराच्या तोंडावर कुठलीच गोष्ट ठरवू नये असं त्याच पुस्तकात लिहिलंय.

फुआद राजाच्या काळात हे दोघे म्हणजे यफेत आणि तोविया. दोघेही सोनार. कैरोच्या सोनारबाजारात दोघांची दुकानं भिंतीला भिंत लागून. मिसरूड फुटल्यापासून दोघे दर महिन्याला यफेतच्या गच्चीवर चढत आणि पश्चिमेकडे तोंड करून बसत. यफेतचे वडील साक्षीदार होते, त्यांचेही वडील होते. घरात दुसरी मालमत्ता नव्हती म्हणा ना. यफेतने सांगितलं की ते झालं, असं गल्ली मानायची, आणि यफेतलाही त्याचा थोडा गर्व होताच. तोंडाने तो कबूल करत नसे, पण चंद्रदर्शनाच्या दिवशी दाढी करून, धुतलेला झगा घालून बसायचा.

सातव्या महिन्याचा चंद्र सगळ्यांत महत्त्वाचा. त्याच्या दहाव्या दिवशी तो मोठा उपास, प्रायश्चित्ताचा. त्या दिवशी जो खाईल, काम करील, तो आपल्या लोकांतून तोडला जाईल असं लिहिलंय. म्हणजे चंद्र चुकला तर सगळी गल्ली चुकली.

त्या वर्षी तो मंगळवार होता. ऊन उतरलं तरी गच्चीची फरशी चटके देत होती. यफेतची बायको वसीला भाजलेल्या भोपळ्याच्या बियांची वाटी ठेवून खाली गेली. तोविया नवे जोडे घालून आला होता, पांढरे आणि तपकिरी, साहेब लोक घालतात तसले.

"लग्नाला निघालास की काय?" यफेत म्हणाला.

"दुकानासाठी घेतलेत. नव्या." तोवियाने जोडे काढून भिंतीशी नीट ठेवले. "मोठ्या रस्त्यावरचे ते शेठ आहेत ना, रब्बीवाले, ते मला त्यांच्या दुकानात दागिन्यांचा अख्खा विभाग देतायत. काचेची कपाटं, विजेचा पंखा, सगळं. मुलांनाही घेणार आहेत."

"आणि सण त्यांचे की आपले?"

"तू खा रे बिया," तोविया म्हणाला.

सूर्य बुडाला. आकाश आधी पिवळं, मग तांबूस झालं. चंद्र दिसलाच तर आज अगदी निसटता दिसणार हे दोघांनाही ठाऊक होतं. यफेत डोळ्यांत तेल घालून बघत होता. समोरच्या गच्चीवर हसनचा कबुतरखाना, त्याच्यावर कबुतरांना घिरट्या घालायला लावायची लांब काठी.

"तो बघ. आला पाहुणा," तोविया म्हणाला.

हे त्याचं नेहमीचं बोलणं. यफेतने त्याच्या बोटाच्या रोखाने पाहिलं. काठीच्या डावीकडे, खूप खाली, सोन्याच्या तारेचं टोक तोडून टाकावं तेवढा चंद्र होता. उजवं टोक जरा वर. यफेतच्या अंगावर दरवेळी काटा यायचा, तसा आजही आला. दोघांनी मिळून आशीर्वचन म्हटलं. तोवर चंद्र धुळीत उतरलासुद्धा.

जिना उतरताना तोविया बोटांवर मोजत होता. "बुधवार पहिला... मग दहावा शुक्रवारी येतो. शुक्रवारी!"

"येऊ दे. आपल्याला काय, आपण थोडेच रब्बीवाले आहोत," यफेत हसत म्हणाला. तोविया हसला नाही. जोड्याची नाडी बांधायला त्याला फार वेळ लागला.

प्रार्थनाघराच्या अंगणात लोक जमले होते. आमचे हाखाम, म्हणजे गल्लीचे धर्मगुरू, म्हातारे, हळू बोलणारे, कुणाची बाजू न घेणारे. त्यांनी रीतीप्रमाणे एकेकाला आत बोलावलं. आधी यफेत गेला. चंद्र कुठे होता, किती वर होता, कुठलं टोक उंच होतं, हे त्यांनी विचारलं आणि त्याने सांगितलं. मग तोविया आत गेला. यफेत बाहेर येऊन लोकांना सांगूनही मोकळा झाला होता की पेढी पुढच्या शुक्रवारी बंद ठेवा, बायकांना गुरुवारीच स्वयंपाक उरकायला सांगा.

हाखाम बाहेर आले ते मान खाली घालून.

"एकच साक्षीदार आहे," ते म्हणाले. "तोवियाने चंद्र पाहिलेला नाही. महिना उद्या संध्याकाळी धरायचा. उपास शनिवारी."

यफेतला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तो तोवियाजवळ गेला.

"अरे, तूच दाखवलास ना मला? काठीच्या डाव्या बाजूला."

तोविया स्वतःच्या जोड्यांकडे बघत होता. "धूळ होती रे यफेत. तू इतक्या आनंदाने 'दिसला, दिसला' केलंस, माझ्याच्याने तुझं मन मोडवेना. म्हणून मीही आशीर्वचन म्हटलं. पण इथे देवाच्या दारात खोटं कसं बोलू?"

"मी म्हटलं दिसला? मी?"

"रागावू नकोस. वय होतं माणसाचं." मग तो लोकांकडे वळला, आणि हे त्याने केलं नसतं तर बरं झालं असतं. "हल्ली दुकानातही बघतो ना मी, चिमटा समोर असतो आणि हा चाचपडत असतो."

कुणीतरी फिस्सकन हसलं. माझ्या माहितीत यफेतच्या बोलण्यावर त्या अंगणात कुणी हसल्याची ती पहिली वेळ. यफेतने हात उचलला नाही, शिवी दिली नाही. त्याला राग यायला हवा होता, पण आधी लाज वाटली, जणू खोटं तोच बोलला होता. परका खोटं बोलला असता तर त्याला कधीच खोडून काढता आलं असतं. याने तर केसाने गळा कापला, आणि वर लागलं नाही ना म्हणून विचारपूस.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चंद्र सगळ्या गल्लीला दिसला. बायकांना दिसला, पोरांना दिसला, फक्त आंधळ्या शमुएलला तेवढा दिसला नाही. चांगला जाड होता.

"हा पहिल्या दिवसाचा वाटतो तुम्हाला?" यफेत गच्चीवरून ओरडला. "पोटात दुसरा दिवस आहे त्याच्या!"

"झोपा आता, काका," खालून कुणीतरी म्हणालं. "चष्मा लावा अन् झोपा."

आणि पुढचा दिवस संपायच्या आत एका गिऱ्हाइकाने हिरे बसवायला दिलेलं जुनं कंकण परत नेलं. बारीक काम आहे, कुणा तरुणाकडे देतो म्हणाला. ते तरुण हात शेजारच्याच दुकानात होते, तोवियाच्या मुलांचे.

यफेतने हाखामांकडे दोनदा जाऊन पाहिलं. हाखामांनी त्याला जवळ बसवून कॉफी दिली.

"माझं मन विचारशील तर मी तुझ्यावर विश्वास ठेवतो," ते म्हणाले. "पण माझ्या मनावर महिना ठरत नाही. तो ठरायला लागला तर आपण आणि रब्बीवाले यांत फरक काय राहिला?"

 यफेतही त्यांच्या जागी हेच बोलला असता.

"मग मी काय करू?"

"लिहिलेलं शोध, माझ्या मतावर विसंबू नकोस, असं आपले पूर्वज सांगून गेलेत. तू पाहिलं आहेस. तू तुझा दिवस पाळ. मी तुला अडवणार नाही. गल्लीला मात्र सांगू शकणार नाही."

वसीलाने हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

"अहो, चांगलं चाललंय ना सगळं? शनिवारी सगळ्यांबरोबर उपास धरा आणि मोकळे व्हा. देवाला कळत नाही का कोण खरं आहे ते?"

"देवाला कळतं म्हणूनच शुक्रवारी धरायचा."

"मी तुमच्यावर अविश्वास दाखवत नाही हो. पण मला या गल्लीत पाण्याला जायचंय, बायकांत बसायचंय. मी शनिवारी धरणार. माझ्यावर जबरदस्ती करू नका."

त्याने केली नाही. नवव्या दिवशी, गुरुवारी, सूर्य बुडाला तेव्हा त्याने एकट्याने चूळ भरली आणि उपास धरला. शुक्रवारी सकाळी सोनारबाजार नेहमीसारखा उघडला. भट्ट्या पेटल्या, हातोड्या वाजायला लागल्या. वर्षातला सगळ्यांत पवित्र दिवस, आणि सगळी गल्ली खातेय, घासाघीस करतेय, ओरडतेय. यफेत खोलीत भिंतीकडे तोंड करून बसला होता. दुपारी वसीलाने उपासाआधीच्या जेवणाला मुलुखियाची भाजी टाकली आणि लसणाची फोडणी दिली. आता लसणाची फोडणी म्हणजे काय असते ते उपाशी माणसाला विचारा. यफेतच्या तोंडाला पाणी सुटलं आणि त्याचीच त्याला इतकी चीड आली की तो उठून बाहेर पडला. प्रार्थनाघर उघडं असणार होतं. शुक्रवारी तिथल्या सतरंज्या झाडतात.

झाडलोट करणारा घरी जेवायला गेला होता. अंगण रिकामं होतं. आमच्याकडे प्रार्थनाघरात कुणी पायताण घालून जात नाही, देवाने मूसाला जळत्या झुडपापाशी 'जोडे काढ' म्हणून सांगितलं ते आम्ही अजून पाळतो. दाराशी जोड्यांची फळी आहे. यफेत वहाणा काढायला वाकला आणि तसाच राहिला.

फळीवर एक जोडी होती. पांढरी आणि तपकिरी.

आत तोविया सतरंजीवर कपाळ टेकून पडला होता. तो पुटपुटत होता ते यफेतला दारातूनच ओळखू आलं. शुक्रवारच्या दुपारची प्रार्थना नव्हती ती. मोठ्या उपासाच्या दिवशी म्हणतात ती पापाची कबुली होती, वर्षातून एकदाच म्हणायची.

क्षणभर, खरं सांगायचं तर, यफेतला आनंद झाला. आपला माणूस सापडला असं वाटलं त्याला. दहा दिवस तो एकटा होता, आणि इथे आणखी एकजण होता ज्याला आजचा दिवस कुठला आहे हे ठाऊक होतं. मग ते पुरतं ध्यानात आलं, आणि तो वहाणा काढून आत गेला.

"तू जेवलेला नाहीस," तो म्हणाला.

तोविया दचकून उठला. ओठ कोरडे, डोळे खोल गेलेले. "हळू बोल."

"कालपासून जेवला नाहीस तू."

"नाही. घरी बायकोला, नाझलाला, सांगितलंय पोट बिघडलंय म्हणून." तोवियाने दाराकडे पाहिलं. "बस ना. ये. दोघे मिळून म्हणू."

यफेत बसला नाही. "काय पाहिलंस तू मंगळवारी?"

"यफेत..."

"काय पाहिलंस? हाखामांनी विचारलं तसं विचारतोय. कुठे होता?"

तोवियाने डोळे मिटले. "हसनच्या काठीच्या डावीकडे. काठीपासून हातभर. वीत-दीड वीत वर असेल. उजवं टोक उंच. तू बघायच्या आधी मला दिसला होता." त्याने डोळे उघडले. "इतका पातळ चंद्र मी जन्मात पाहिला नव्हता रे."

एक शब्द चुकला नाही. महिनाच काय, अख्खं वर्ष त्या साक्षीवर उभं राहिलं असतं. आणि ती ऐकायला होत्या कोण, तर सतरंज्या!

"चल," यफेत म्हणाला. "हाखाम घरीच आहेत. आत्ता चल आणि हेच सांग. सूर्य बुडायला अवकाश आहे. उरलेला दिवस तरी गल्ली पाळेल."

"वेडा आहेस का? शेठनी स्पष्ट सांगितलं होतं, आमचा उपास शनिवारी. तोविया, शुक्रवारी आणि शनिवारी दोन दिवस काउंटर बंद ठेवणारा माणूस मला नको. एक दुकान, एक उपास. मंगळवारी दुपारीच बोलले. संध्याकाळी बघतो तर हा पाहुणा हजर! माझ्या पोरांचं आयुष्य आहे त्यात." तो पुढे सरकला. "आणि बिघडलं काय सांग ना? तू तुझा दिवस पाळलास, कुणी अडवलं का? मीही पाळतोय. गल्लीला ठाऊक नाही, त्यांना पाप नाही. उद्याही धरणार आहे मी, त्यांच्याबरोबर. दोन दिवस, पाण्याचा थेंब नाही. आणखी काय पाहिजे देवाला?"

"देवाला नाही रे. मला पाहिजे."

तोविया मागे सरकला.

"मी चाचपडतो म्हणालास. सगळ्यांसमोर. माझ्या हातातलं काम गेलं. पोरं मला चष्मा लावा म्हणतात. मी इथे दहा दिवस स्वतःला विचारतोय की खरंच दिसला होता का मला. रात्री झोपेतून उठून विचारतोय. आणि तुला ठाऊक होतं! तू भिंतीपलीकडे बसून हातोडी मारत होतास आणि तुला ठाऊक होतं."

"माफ कर मला. आजचा दिवस माफीचा आहे. आज मागतोय तुझ्याजवळ."

"अंगणात चल. तिथे माग. लगेच देतो."

 तोविया हळूच पुन्हा गुडघ्यांवर बसला, कपाळ सतरंजीला टेकवलं आणि जिथे थांबला होता तिथून पुढे पुटपुटायला लागला. दोन्ही डगरींवर हात ठेवणारे मी पुष्कळ पाहिलेत, पण देवाच्याही दोन डगरी करणारा हा एकच.

यफेत बाहेर आला. अंगणात कुणीच नव्हतं. त्याला वाटलं ते जोडे उचलावे आणि हाखामांच्या दारात नेऊन ठेवावे. पण त्या दिवशी ओझं उचलून न्यायचं नसतं. त्याने आपल्या वहाणा घातल्या आणि घरी गेला.

संध्याकाळी गल्लीत घाई उडाली. शेवटचा घास, शेवटचं पाणी. सगळे जेवणावरून उठले आणि यफेत जेवायला बसला. शब्बाथ लागला होता. आमच्याकडे शब्बाथला दिवा नसतो, रब्बीवाल्यांसारखं आधी लावून ठेवायची पळवाटही नसते. अंधारात त्याने गुरुवारची भाकर चाचपून घेतली, आणि चाचपताना त्याला तोवियाचा शब्द आठवला.

शनिवारी दुपार कलल्यावर वसीला प्रार्थनाघरातून आली. डोळे रडून लाल झाले होते. यफेत खिडकीजवळ बसून खात होता. भाकर, सुकं चीज, चार ऑलिव्ह. खिडकी त्याने मुद्दाम उघडी ठेवली होती. समोरच्या घरातल्या बाईने ती बघून आपली बंद केली.

"निदान आत बसून तरी खा हो," वसीला म्हणाली. "सगळे बघतायत."

"बघू देत. शब्बाथला उपास नसतो."

ती भिंतीला टेकून बसली. "तोवियाभाऊजी पडले आज. नमस्कार घालताना पडले ते उठलेच नाहीत. चारजणांनी उचललं. हाखामांनी स्वतः तोंड पुसलं, म्हणाले पाणी घे, जीव वाचवणं धर्मच आहे. तर ओठ घट्ट मिटून घेतले. नाही म्हणजे नाही! हाखाम सगळ्यांना म्हणाले, बघा, याला म्हणतात देवाची भीती. बायका रडल्या. मीही रडले." तिने ओढणीने डोळे पुसले. "आणि माझा नवरा घरात बसून जेवतोय, हे सगळ्यांना ठाऊक होतं."

यफेतने हातातला तुकडा खाली ठेवला.

"तो कालही उपाशी होता."

"कोण?"

"तोविया. काल दुपारी मी प्रार्थनाघरात गेलो होतो. कालच्या दिवसाची कबुली म्हणत होता. त्याने चंद्र पाहिला होता, वसीला. काठीच्या डावीकडे, उजवं टोक वर. स्वतःच्या तोंडाने सांगितलं मला. दोन दिवस अन्नपाणी नाही, म्हणून पडला तो."

 वसीलाचा चेहरा आधी पांढरा पडला, मग त्यावर राग आला. ती उठली, ओढणी डोक्यावरून घेतली, दारापर्यंत गेली. यफेतला वाटलं, चालली. अंगणात जाऊन सगळ्यांना ओरडून सांगणार. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्याला हलकं वाटलं.

दाराच्या कडीवर हात ठेवून ती थांबली. सोळाव्या वर्षी या घरात आलेली, सासऱ्यांच्या तोंडून सगळे नियम ऐकलेली कराई बाई होती ती. वाईट मनात काहीच नव्हतं. वळून तिने अगदी सरळ विचारलं,

"तुमच्याशिवाय आणखी कुणी होतं का तिथे?"